रोसियाला मी मागितलं नव्हतं

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. माझ्यावर विश्वास ठेवून आजवर कोणाचं भलंही झालेलं नाही. बायको होती तोवर म्हणायची, हा माणूस ‘बाहेर ऊन पडलंय’ म्हणाला की मी छत्री उचलते. तरुणपणी नीरा काढायला मी एकदा इतक्या उंच माडावर चढलो होतो की तिथून मला फिजी दिसलं, आणि फिजीतल्या एका बाईने वाळत घातलेला टॉवेल हलवून ‘उतरा, पडाल’ असं मला खुणावलं, हे मी शपथेवर सांगितलेलं आहे, तेही चर्चच्या आवारात. पण हे त्यातलं नव्हे. मी ऑकलंडहून तरवाला, आमच्या मूळच्या बेटावर, गेलो तो धाकट्या भावाच्या घराचं छप्पर शाकारायला, आणि येताना दात यायच्या बेतातली एक पोर कडेवर घेऊन आलो, आणि ती पोर मी मागितली नव्हती. माझी जीभ घसरली, एवढंच. जन्मात मी दोनदा कशाचं तरी तोंडभर कौतुक केलं, आणि दोन्ही वेळा घरात एकेक मुलगी आली.

परतलो त्या दुपारी गॅरेजमध्ये चटया अंथरलेल्या होत्या. आमच्याकडे गाडी बाहेर पावसात भिजते आणि माणसं गॅरेजमध्ये बसतात. गाडीला सर्दी होत नाही. जावयाने, कौरेने, रात्रपाळीहून येऊन डोळ्याला डोळा न लावता भात टाकला होता, डब्यातलं खारं मांस कांद्यावर परतलं होतं, नारळाच्या दुधात अळवाचे कंद शिजवले होते, आणि आता तो दाराशी उभा राहून झोपेने डुलत हसत होता. चर्चमधली माणसं भिंतींना टेकून बसली होती, कोपऱ्यातला हीटर तापताना टकटक वाजत होता. बिरिता म्हातारी एका हाताने प्रत्येकाच्या मानेवर पावडर भुरभुरवत होती आणि दुसऱ्या हाताने अत्तर उडवत होती, कारण पाहुणा आला की त्याला सुवासिक करायचं, मग पाहुणा बोळका का असेना. रोसिया शिंकली. सगळे हसले. तांदळाच्या पोत्याला टेकवून फोन उभा केला होता, आणि फोनमध्ये मारेता होती, माझी पुतणी, रोसियाची जन्मदाती, तरवाच्या आपल्या मचाणावर, म्हणजे आमच्याकडच्या बिनभिंतीच्या घरात, मांडी घालून बसलेली. तिच्या मागून एक कोंबडी इकडून तिकडे गेली, मग तिकडून इकडे आली. “दिसते का गं?” मारेताने विचारलं. “दिसते, दिसते,” माझी मुलगी तेबोरा म्हणाली, आणि रोसियाला फोनसमोर धरून तिने तिचा हात हलवून दाखवला. दोघी चुलतबहिणी. दोघी हसत होत्या आणि दोघींचे डोळे ओले होते, पण ते तसं चालतं, त्यात काही नवल नाही. सहा वर्षांचा बाउरो, तेबोराच्या पोटचा, रोसियाच्या तोंडात बोट घालून तपास करत होता. “हिला दात नाहीत,” त्याने निकाल दिला. “आजोबांसारखीच आहे. हिलापण भात कुस्करून द्यावा लागणार.” पुन्हा सगळे हसले. मग तेबोरा गुडघ्यांवर सरकत अकोइयाकडे गेली. अकोइया थोरली, अकरा-बारा वर्षांची, दाराजवळ उभी. तेबोराने रोसियाला तिच्यापुढे धरलं आणि म्हणाली, “घे बाळा. तुझी बहीण.” आणि अकोइयाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

एवढंच झालं. इतरांना वाटलं असेल, पोर लाजली. बिरिता म्हणालीही, “लाजते बघ कशी, नवरी असल्यासारखी.” तेबोराने रोसियाला परत खांद्यावर घेतलं, कोणीतरी भात वाढा म्हणालं, वरून एक विमान गेलं आणि गॅरेजचं पत्र्याचं दार नेहमीसारखं थरथरलं. पण मला तो हात मागे न्यायचा प्रकार ओळखीचा होता, कारण तो मीच शिकवलेला. दुसऱ्याच्या घरी गेलं की हात मागे बांधायचे आणि तोंड मिटायचं, हे मी या दोन्ही पोरांना चालायला लागल्यापासून शिकवत आलोय. शेजाऱ्याची सायकल चांगली आहे म्हणायचं नाही. बिरिताच्या शेगडीवरच्या माशाला छान वास सुटला म्हणायचं नाही. आमच्या लोकांत कौतुक म्हणजे अर्धं मागणं, आणि मागणं ही हलकी गोष्ट नाही. त्याला आम्ही बुबुसी म्हणतो. बुबुसी करणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर देणाऱ्याचं तोंड काळं, आणि उगाच मागितलं तर मागणाऱ्याचं. म्हणून शहाणा माणूस मागत नाही, आणि मागायचं नसेल तर कौतुकही करत नाही. माझ्या बापाने शेजाऱ्याच्या होडीचं कौतुक तोंडातून निसटू नये म्हणून जन्मभर तिच्याकडे पाठ करून जाळी विणली. तर अकोइया हात मागे बांधून उभी होती, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बहिणीपुढे, परक्या घरातल्या वस्तूपुढे उभं राहतात तशी. मला एकदम पाय गार पडल्यासारखे वाटले. ऑकलंडच्या हिवाळ्यात पाय गारच असतात, पण हे ते नव्हतं.

मग मी माझं एकुलतं एक हत्यार बाहेर काढलं. माणसं गप्प होऊ लागली की मी गोष्ट सांगतो. दात गेले, गुडघे गेले, गोष्ट तेवढी राहिली आहे. “अरे, बसा सगळे,” मी म्हणालो, “ही कशी आली ते ऐकायचं नाही का?” “आता दोन तास गेले,” बिरिता म्हणाली, “भात गार करा.” पण बसली तीच सगळ्यात पुढे. मी सांगायला लागलो. विमानतळावर तो हुंगणारा कुत्रा आला, हिरवं जाकीट घातलेला, माझ्या पिशवीत नीरेच्या काकवीची बाटली होती, तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सरळ रोसियापुढे येऊन बसला. अधिकारीण म्हणाली, यात काही समुद्रातलं आहे का? मी म्हटलं, बाई, सगळीच समुद्रातली आहे. तिने विचारलं, वनस्पती? मी म्हटलं, अजून मूळ धरलेलं नाही, आजच आणलीय. “बाबा, असं काही झालं नाही,” तेबोरा म्हणाली, कारण ती माझ्याबरोबर होती. “कुत्रा आला होता की नाही?” “आला होता. शेजारच्या माणसाच्या संत्र्यापुढे बसला.” “बघा,” मी म्हणालो, “कुत्रा आला होता.” बाउरो चटईवर लोळून हसत होता. अकोइयाही किंचित हसली असावी असं वाटून मी बघितलं. ती फोनकडे बघत होती. मारेताकडे. हात अजून मागेच.

आणि मग तो भाग आला. “छप्पर शाकारायला गेलो होतो मी,” मी म्हणालो, “केवड्याच्या पानांच्या राशीवर बसलो होतो, उन्हात डोकं तापलेलं, आणि या मारेताने हिला आणून माझ्या शेजारी चटईवर टाकली. मी बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय गोड पोर आहे!’ झालं! मारेताने एकदा माझ्याकडे बघितलं, पोर उचलली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि म्हणाली, घ्या मोठे काका, तुमची. आता मी काय करणार? दिलेलं परत करता येत नाही.” सगळे हसले. बिरिता म्हणाली, “पन्नास वर्षं ओळखते याला. माझ्या हातच्या माशाला कधी चांगलं म्हणाला नाही, तो पोरीला गोड म्हणाला म्हणे.” “माशाला म्हटलं असतं तर तू मासा दिला असतास,” मी म्हटलं, “आणि मला तो खावा लागला असता.” भिंतीशी कोणीतरी टाळी दिली. फोनमध्ये मारेता गालातल्या गालात हसत होती, जरा उशिराने. तिच्यापर्यंत आमचा विनोद पोचायला वेळ लागतो, मधे खूप पाणी आहे.

आता इथे, त्या गॅरेजमधल्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, तुमच्यापुरतं सांगतो. छप्पर वगैरे होतं, नाही असं नाही. पण छप्पर शाकारायला तरवात माझ्यापेक्षा तरणी माणसं होती. मी मागायलाच गेलो होतो. तेबोराला बाउरोनंतर मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी कामावर गेली. वृद्धाश्रमातली तिची पाळी करून यायची, म्हाताऱ्यांची धुणी काढून आलेले हात पुन्हा घरच्या धुण्यात घालायची, आणि एकदा मला दिसलं, की बाउरोचं एक अगदी तान्हेपणीचं झबलं ती धुतल्याशिवायच पुन्हा पुन्हा दोरीवर घालतेय, संध्याकाळी काढतेय. मुलीने बापाकडे मागितलं नाही. मागणं मोठ्यांचं काम असतं, आमच्यात ते असंच आहे. मुलाच्या आईने मुलाच्या आईकडे मागू नये, मधे एक म्हातारा लागतो, ज्याला लाज वाटली तरी तो थोड्याच दिवसांत मरणार असतो. म्हणून मी गेलो. मारेता तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती, तिची तीन मोठी पोरं वाळूत खेळत होती. मी जाऊन बसलो आणि मागितलं. ‘तेबोरासाठी ही दे,’ असं म्हणालो, गोष्ट नाही, विनोद नाही, माझ्या तोंडून इतकं आखूड वाक्य कधी निघालं नसेल. मारेता खवणीवर बसून नारळ खवत होती. खवत राहिली. पाठ माझ्याकडे होती. पांढरं संपलं तरी ती खवत राहिली, करवंटीवर लोखंड घासल्याचा तो आवाज, खर्र, खर्र, आणि मी त्या पाठीकडे बघत बसलो होतो आणि मला कळत होतं, की हिला नाही म्हणता येणार नाही, आणि हे मला यायच्या आधीपासून माहीत होतं, आणि म्हणूनच मी आलो होतो. मग तिने खवणी बाजूला केली, हात पुसले, आणि ‘बरं, मोठे काका’ म्हणाली.

त्या ‘बरं’मध्ये काय होतं, ते मी पुढचे कितीतरी महिने शोधत राहिलो. कारण नुसतं बरं म्हणून पोर विमानात बसत नाही; कोर्ट असतं, शिक्के असतात, इकडचं सरकार तिकडच्या सरकारला विचारतं आणि दोघंही जेवायला जातात. तेबोरा शेवटी न्यायला आली; तोवर मी भावाच्याच घरी राहिलो, मारेताच्या मचाणासमोरच्या मचाणावर, आणि रोज बघत राहिलो. दिलेल्या पोरीला ती पाजत होती. मी शाकारणीची पानं शिवत होतो आणि ती पाजत होती. कधी मान वर करून हसायची, ‘काका, दुपारचं झोपा जरा’ म्हणायची. रागावलेली कधी दिसली नाही. पण रागावलेलं दिसायचं नाही हेही आम्हा लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, हात मागे बांधण्यासारखंच. रात्री झोपताना ती पोरीला काय गुणगुणायची ते ऐकू येऊ नये म्हणून मी भावाशी मोठ्याने गप्पा मारायचो. भाऊ म्हणायचा, ‘तू बहिरा झालास की मी?’ तिथेच, पानं शिवता शिवता, मी ही कौतुकाची गोष्ट रचली. मागून नेली म्हटलं, तर लोक म्हणतील, बिचारी, तिला नाही म्हणता येईना. पण जीभ घसरलेल्या म्हाताऱ्याला तिने आपणहून पोर उचलून दिली म्हटलं, तर लोक म्हणतील, काय काळजाची बाई! शिवाय त्या गोष्टीत मी त्या पाठीकडे बघत बसलेलो नसतो. ती गोष्ट मला सवयीची होती. एकदा वापरलेली होती.

ती अकोइयाची. अकोइया मराकेई बेटावरची, कौरेच्या बहिणीची. तिला आणलं तेव्हा बाउरो झालेला नव्हता आणि माझी बायको होती. अकोइयाच्या प्रत्येक वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, मी ती गोष्ट सांगत आलोय: मराकेईला गेलो, कौरेच्या बहिणीच्या अंगणात ही दुडूदुडू चालत होती, मी चुकून म्हटलं, ‘काय गुटगुटीत पोर आहे!’, तिच्या आईने उचलून माझ्या मांडीवर ठेवली, आता परत कशी करणार, बोटीला उशीर होत होता. या ‘बोटीला उशीर होत होता’ला हमखास हशा यायचा. लोक त्याची वाट बघायचे. लहानपणी अकोइया स्वतःच ते वाक्य माझ्याआधी ओरडायची. आणि आता, त्या गॅरेजमध्ये, रोसियाच्या गोष्टीचा हशा अजून विरत होता तेव्हा, मला आठवलं की गेल्या वाढदिवसाला ती ओरडली नव्हती. त्याच्या आदल्यालाही नसावी. मेणबत्त्यांकडे बघत उभी होती. मी ते बघितलं होतं आणि पोर मोठी झाली असं मनाशी म्हणून केकचा तुकडा घेतला होता. आता मला तीच गोष्ट तिच्या जागी उभं राहून ऐकू आली. त्या गोष्टीत कोणी कोणाला हवं नाही. आई न मागता देऊन टाकते, आजोबा नाइलाजाने घेतात, आणि बोट सुटायला आलेली आहे. देणारीला उंच बसवायला म्हणून मी ज्या पाटावर पाट ठेवत गेलो, ते सगळे पाट या पोरीच्या डोक्यावर होते.

खरं काय घडलं होतं? मराकेईला पहिल्यांदा गेलेल्या माणसाने आधी बेटाला उलटी प्रदक्षिणा घालायची असते, त्याशिवाय कोणाशी कामाचं बोलायचं नाही. माझी बायको पाय सुजलेले असताना ती पूर्ण चालली. मी म्हटलं, कोणाच्या तरी सायकलीवर बस, तर म्हणाली, मागायला आलोय, बसून काय मागायचं. सबंध वाटेत ती एक अक्षर बोलली नाही, मागणं तोंडात धरून चालली होती, पाण्याची चूळ धरावी तसं. आणि पोचल्यावर तिने डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून अकोइयाच्या आईच्या पायाशी ठेवला आणि मागितलं. अकोइया तेव्हा माझ्या पायाला धरून उभी होती आणि माझ्या धोतरासारख्या गुंडाळलेल्या लुंगीला नाक पुसत होती. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाही, आणि बायको गेल्यावर तर तिची ती चाल मला आठवतच नाही असं मी ठरवून टाकलं होतं. मराकेईला अजून फोन लागत नाहीत धड. अकोइया विचारणार कोणाला? विचारायला मीच होतो, आणि मी असा.

हीटर टकटकत होता. त्याचा आवाज मला करवंटीसारखा येऊ लागला. “मग?” बाउरो म्हणाला. “मग काय झालं? मांडीवर ठेवली, मग?” सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते. मी तोंड उघडलं आणि फोनकडे बघितलं. मारेताचा चेहरा थांबलेला होता. अर्धवट मिटलेले डोळे, ओठ बंद, मागे कोंबडीचा एक पाय हवेत. “चित्र अडकलं परत,” कौरे म्हणाला. “येईल थोड्या वेळाने.” म्हणजे ती ऐकत नव्हती. मनात आलं, आता सांगून टाकावं. ती ऐकत नाही, तिच्या तोंडावर तिला नाइलाजाची देणारी म्हटल्यासारखं होणार नाही, अकोइयाला एकदा खरं कळेल. पण भिंतीशी बसलेली ही माणसं! या गॅरेजमध्ये शिंक आली की तरवाला लोक रुमाल काढतात. उद्या मारेता पाणी भरायला गेली की बायका तिच्याकडे कसं बघतील ते मला दिसलं, आणि तिची पाठ दिसली, आणि मी बाउरोच्या शर्टाची कॉलर नीट करू लागलो. तेवढ्यात अकोइया बोलली. दुपारपासून पहिल्यांदा.

“मग विमानाला उशीर होत होता?” ती म्हणाली.

बिरिता खो खो हसली, सवयीने. दुसरं कोणी हसलं नाही, म्हणून मग तीही थांबली. अकोइया रागावलेली नव्हती. रागावलेली असती तर बरं होतं. तिने अगदी साधेपणाने विचारलं होतं, बस किती वाजता आहे असं विचारतात तसं, आणि ती उत्तरासाठी थांबली होती. तेबोरा माझ्याकडे बघत होती. मुलीला बापाची थाप सगळ्यात आधी कळते, पण ती चारचौघांत बोलत नाही. तिच्या खांद्यावर रोसिया तिचे केस मुठीत धरून चोखत होती. मला वाटलं, अजून थोड्या वर्षांनी ही दुसरी इथेच उभी राहील, आणि मी असेन तर मी, नाहीतर बाउरो, माझी गोष्ट माझ्या आवाजात सांगेल, आणि हीसुद्धा हात मागे बांधेल. हे सगळं मला लख्ख कळलं. आणि तरी मी काय म्हणालो असेन? माणूस सत्तरी ओलांडून गेला की त्याला कळतं ते एकीकडे राहतं आणि तोंड आपल्या वाटेने जातं. “नाही गं,” मी म्हणालो, “विमान वेळेवर होतं. पण जीभ घसरली ती घसरलीच. देवाशपथ, मी मागितलं नव्हतं. कौतुक केलं फक्त.”

“खोटं!”

सगळे दचकले. फोनमधला चेहरा हलला नव्हता; डोळे तसेच अर्धमिटलेले, ओठ बंद, कोंबडीचा पाय हवेत, आणि त्या बंद तोंडातून मारेताचा आवाज येत होता, घशातून खच्चून, वाऱ्यावर ओरडतात तसा. “खोटं, मोठे काका! साफ खोटं! मघापासून ऐकतेय, म्हटलं पाहुण्यांसमोर म्हाताऱ्याला कशाला उघडं पाडा. पण देवाशपथ म्हणता? आल्या आल्या मागितलीत तुम्ही. मी नारळ खवत होते, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं तुम्हाला, आणि मागितलीत!”

बिरिताने मांडीवर थाप मारली. “तरी मी म्हणतच होते!”

“मारेता,” मी म्हणालो, “अगं तुझ्याचसाठी…”

पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता आणि तिचं थांबत नव्हतं. “आणि नुसत्या कौतुकावर मी दिली म्हणे! माझी पोर म्हणजे काय वाहून आलेला नारळ आहे का हो, कोणी छान म्हणालं की उचलून द्यायला? मी वाटच बघत होते तुमची. पोटात होती तेव्हापासून बघत होते, की तेबोराच्या घरून कोणी मागायला येतं की नाही. तीन पोरं झाली, कोणाला कोणी मागितलं नाही. मला वाटलं, माझ्या पोरा-पोरींना काय कमी आहे, की कोणी तोंड उघडत नाही? तुम्ही मागितलीत तेव्हा मला बोलता येईना, उगाच करवंटी खरवडत बसले. लोकांना सांगा तसं. अख्ख्या ऑकलंडला सांगा. न मागता कोणी कोणाला मूल देतं का?”

मग आवाज गेला, आणि चित्र हललं: कोंबडीने पाय खाली ठेवला, मारेताने डोळे पूर्ण उघडले आणि फोनच्या अगदी जवळ येऊन, आपलं काही इकडे पोचलं की नाही ते कळत नसल्यासारखं बघू लागली. वरून विमान गेलं. मी मान खाली घालून चटईवरची पावडर बोटाने एका जागी गोळा करत बसलो, आणि अशा वेळी माणसाने काय म्हणायचं असतं ते इतक्या वर्षांच्या बोलण्यात मी शिकलोच नाही हे माझ्या ध्यानात येत होतं, तेव्हा माझ्यासमोर दोन पावलं येऊन थांबली. मी वर बघितलं नाही. मला फक्त तेबोराचा “नीट धर हं” असा आवाज आला, आणि मग रोसियाचं वजन एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर जाताना होते तेवढी सळसळ.

“म्हणजे मलाही मागूनच आणलंय,” अकोइया म्हणाली, गॅरेजभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “इतकी वर्षं थापा मारताय, आजोबा!”